बहिरं कुत्रं सांभाळताना या चुका टाळा

मागून टाळी वाजवली, पिल्लानं मान वळवली, म्हणजे त्याला ऐकू येतं, असं ठरवून मोकळे होऊ नका. टाळीचा वारा अंगाला लागतो, पावलांची थरथर पायाला कळते. वडगावात एका विणकराच्या घरी पांढरंशुभ्र पिल्लू होतं. "माग बंद केला की लगेच उठून बसतंय की, मग बहिरं कसं?" असं मालक म्हणायचे. यंत्रमाग चालू असताना त्या घरची फरशी हादरते. पिल्लू पोट टेकून झोपायचं आणि हादरा थांबला की जागं व्हायचं. माग बंद ठेवून त्याला जाड गादीवर झोपू दिलं, लांब उभं राहून ताटावर चमचा वाजवला. कानसुद्धा हलला नाही. तोवर 'हाक मारली तरी येत नाही, हट्टी आहे' म्हणून त्या जिवानं किती मार खाल्ला होता!

पांढऱ्या पिल्लांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं, डाल्मेशियनमध्ये तर फारच. कानाच्या आत रंगपेशी नसल्या की ऐकण्याच्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. एकाच कानानं बहिरं असेल तर घरी कळतच नाही, त्याला 'बेअर' चाचणीच लागते, म्हणजे एकेका कानात आवाज सोडून मेंदू प्रतिसाद देतो का हे यंत्रावर बघतात ती.

कोमट तेल कानात ओतू नका. पडदा फाटलेला असला तर इजा होते. घाण वास, खाज असेल तर डॉक्टरांकडे न्या.

झोपलेल्याला एकदम हात लावायचा नाही. दचकून दात लागतो आणि कुत्रं 'चावरं' ठरतं. मी आधी नाकाजवळ हात धरते, वास घेऊ देते, मग दोन बोटं खांद्यावर, दर वेळी त्याच जागी, आणि डोळे उघडले की लगेच भाकरीचा तुकडा. लोक दोन दिवस करतात आणि "शिकत नाही" म्हणून सोडतात. दोन दिवसांत कोण शिकतं? महिनाभर घरातल्या प्रत्येकानं करा. लहान मुलांना मात्र उठवायला पाठवू नका.

खुणा सगळ्यांच्या एकच हव्यात. आजी मांडीवर थाप मारून बोलावणार, नातू हात हलवून, मग त्यानं काय समजायचं? अंधारात अंगणातला दिवा दोनदा चालू-बंद करा. शॉक देणारा पट्टा तर घरातच आणू नका.

आणि दोरी सोडू नका, शेतातसुद्धा. गळीत हंगामात निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावून उसाचे ट्रॅक्टर येतात, त्यांचा हॉर्न याच्यासाठी नसतोच. मोकळं फिरवायचंच असेल तर कुंपण घातलेली जागा बघा आणि गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे ते कुठं आहे हे तुम्हाला कळेल.