विंडोज १० ला वर्षभराची मुदतवाढ: कार्ड काढण्याआधी हे बघा

नात्यागोत्यातल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याच गळ्यात असते. हल्ली सगळ्यांचा प्रश्न एकच: "ते अपडेटचे पैसे भरायचे का रे?" बहुतेकांना माझं उत्तर असतं, भरू नकोस, पण नोंदणी कर.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालू राहतं, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू (मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) योजनेत नोंदणी केली, तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. फक्त तेवढेच हं. नवी फीचर्स नाहीत, आणि प्रिंटर रुसला म्हणून मदतही नाही.

मशीन विंडोज ११ ला पात्र असेल तर या भानगडीत पडूच नका, ते अपग्रेड फुकट आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'टीपीएम.एमएससी' (tpm.msc) हे इंग्रजीत टाइप करा; टीपीएम या सुरक्षा चिपचं व्हर्जन २.० दिसलं तर आशा आहे. तरी प्रोसेसर जुना निघाला की गाडी अडतेच, म्हणून मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून खात्री करा.

अपात्र ठरलं तर तसंच 'विनव्हर' (winver) टाइप करून बघा. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ (22H2) नसेल तर आधी तिथवर अपडेट करा, त्याशिवाय नोंदणी होत नाही. मग अॅडमिन खात्यातून सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. उजवीकडे किंवा 'चेक फॉर अपडेट्स'च्या आसपास 'एनरोल नाऊ' अशी बारीक लिंक असते. दिसत नसेल तर राहिलेले अपडेट टाकून मशीन रीस्टार्ट करा.

आत गेलात की मायक्रोसॉफ्ट खातं मागतात, ते टळत नाही. पुढे तीन वाटा: सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) चालू करा, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड्स पॉइंट्स वापरा, किंवा एकदाच ३० डॉलर आणि वर कर भरा. मी पहिलीच वाट धरायला लावतो. "माझे फोटो वर जातील ना?" अशी धास्ती असते. बॅकअप फक्त सेटिंग्जचा करायचा आहे; डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हमधून बंद ठेवता येतात. ठेवाच, कारण फुकटची जागा ५ जीबी, ती बघता बघता भरते.

सेटिंग्जही कुणाच्या सर्व्हरवर नकोत, असं वाटणाऱ्यांनी खुशाल पैसे भरावेत. मात्र एका खात्यावर १० मशीन चालतात, तेव्हा घरात प्रत्येकाने वेगळे भरायची गरज नाही. आणि पैसे भरायचे ते 'एनरोल नाऊ'च्या लिंकमधूनच. ब्राउझरमध्ये उडी मारून आलेल्या "तुमचं विंडोज कालबाह्य झालं आहे" छाप खिडकीत कार्ड नंबर टाकू नका.

ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या ताब्यातल्या नेटवर्कला) जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागू नाही. कंपन्यांना पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्याचे पैसे द्यावे लागतात. तो निर्णय ऑफिसच्या आयटीवाल्यांवर सोडा.