तांडेल सांगेल ते निदान नव्हे

रात्रपाळीला नव्याने लागलेल्या सिस्टर विचारतात, भाषा न कळणारा खलाशी आला की सुरुवात कुठून करायची? माझं पहिलं सांगणं: आणणारा माणूस जे म्हणतो, ते केसपेपरवर 'सोबतच्याच्या म्हणण्यानुसार' असंच लिहा.

पावसाळी बंदी उठली की आपल्या बंदरांवर ओडिशा, आंध्र, नेपाळचे खलाशी येतात. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी असतात. मध्यरात्री तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, एकाला धरून आणतो, "सिस्टर, जास्त झालीय त्याला." मन तिथेच अडकतं. पहिल्या माहितीला चिकटणं, ताजं आठवतं त्यावरून ठरवणं, माणसाला साच्यात बसवणं, या सवयी ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडल्या. ओपीडीच्या गर्दीत त्यांच्याशिवाय भागत नाही. पण भाषा नसलेला रुग्ण तुमचा अंदाज खोडू शकत नाही, म्हणून ते काम तुमचं.

बोलणं जड वाटलं तर आधी ग्लुकोमीटर. साखर ७०च्या खाली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. मग पापण्या बघा. खोपीत जमिनीवर झोपलेल्याचं पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटताहेत, गिळता येत नाही, तर मण्यार सापाचा दंश धरून चाला. सूज नसते, खूण बहुधा सापडत नाही, चावल्याचं त्यालाही कळलेलं नसतं. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती घोणस-फुरशाच्या विषासाठी. स्नायू लुळे पडताहेत का ते कळायला त्याला मान उचलायला लावा, एका दमात आकडे मोजायला लावा, त्याच्याच भाषेत. आकडे कळले नाहीत तरी चालेल, दम कुठे तुटतो ते ऐका, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा मोजून घ्या.

लावणीच्या दिवसांत आपल्याला प्रत्येक ताप लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) वाटतो. ओडिशाहून आलेल्याची मलेरिया तपासणी त्याच रक्तात होऊ द्या. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का पाहा. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, तिथे सापडतो.

"दुखतंय का?" विचारलं की पाहुणा माणूस मान हलवतोच. "बोट ठेवून दाखव" म्हणा, किती दुखतंय ते दाखवणारी चेहऱ्यांची पट्टी पुढे धरा. तांडेल दुभाषा म्हणून उपयोगी, पण दारू, मारहाण, गुप्तरोग यांबद्दल त्याच्यासमोर कोण बोलणार? त्याला बाहेर बसवा, रुग्णाला विचारून त्याच्या गाववाल्याला फोनवर घ्या.

गडद त्वचेवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, निळेपणा जिभेखाली बघा, कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात.

पाळी बदलताना आधी नाडी, बीपी, श्वास, साखर वाचून दाखवा. 'प्यायलेला' हा शब्द पुढच्या सिस्टरच्या कानावर त्यानंतरच पडू दे, तोही कोण म्हणालं ते सांगून.