व्यस्त नसलेल्या मॅट्रिक्सचा सामान्यीकृत व्यस्त कसा काढावा

रावेर-यावल पट्ट्यातील पाच केळीबागांचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. तीन बागा ठिबकावर आहेत व तेथे घडाचे सरासरी वजन २४, २६ आणि २५ किलो भरते. उरलेल्या दोन बागांना पाटाने पाणी दिले जाते व तेथे ते २० आणि २२ किलो भरते. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून हे आकडे मी मनाने घेतले आहेत. बागेतील वजन म्हणजे परिसराची सामान्य पातळी म, अधिक पाणी देण्याच्या पद्धतीने पडलेली भर (ठिबकासाठी ठ, पाटासाठी प), असे मानून लघुतम वर्गांची रीत (प्रत्यक्ष व अंदाजित वजनांतील फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारी) लावली की पुढील समीकरणे मिळतात.

५म + ३ठ + २प = ११७
३म + ३ठ = ७५
२म + २प = ४२

सहगुणकांच्या मॅट्रिक्सला, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या त्यांच्या चौकटीला, अ म्हणू. त्याच्या ओळी (५, ३, २), (३, ३, ०) आणि (२, ०, २) अशा आहेत. पहिली ओळ ही खालच्या दोन ओळींची बेरीज असल्यामुळे निश्चयक शून्य येतो, रँक (परस्परांपासून स्वतंत्र ओळींची संख्या) ३ ऐवजी २ भरते आणि नेहमीचा व्यस्त, म्हणजे ज्याने गुणले की एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी ०) मिळतो तो, अस्तित्वातच नसतो. अशा वेळी अ × ग × अ = अ एवढी एकच अट पाळणारा मॅट्रिक्स ग शोधावा. त्यालाच सामान्यीकृत व्यस्त म्हणतात. एवढ्या एका अटीवर समीकरणे सोडवण्याचे काम भागते, हे संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९६२ मध्ये दाखवले.

ग काढण्याची हाताने करण्याजोगी रीत अशी आहे. प्रथम ओळींवरील क्रिया करून रँक निश्चित करावी. मग रँकेइतक्या आकाराचा, शून्येतर निश्चयक असलेला एक चौरस तुकडा अ मधून निवडून त्याचा व्यस्त काढावा, त्या व्यस्ताचा परिवर्त (ओळींचे स्तंभ करून मिळणारा मॅट्रिक्स) तुकड्याच्या मूळ जागी बसवावा, उरलेल्या सर्व जागी शून्ये भरावीत आणि शेवटी संपूर्ण मॅट्रिक्सचा परिवर्त घ्यावा. हा शेवटचा परिवर्त विसरणे ही विद्यार्थ्यांची ठरलेली चूक आहे. आपल्या उदाहरणात अ सममित (परिवर्त घेतला तरी तोच राहणारा) असल्यामुळे आणि तुकडाही कर्णावरचाच घेतल्यामुळे ती चूक लपून जाते, पण आयताकृती मॅट्रिक्समध्ये गुणाकारच जुळत नाही.

दुसरी-तिसरी ओळ आणि तेच स्तंभ निवडले तर तुकडा कर्णरूप मिळतो व ग च्या कर्णावर ०, १/३, १/२ हे आकडे येतात, बाकी सर्वत्र शून्य. पडताळा घ्यायलाच हवा. अ × ग च्या ओळी (०, १, १), (०, १, ०), (०, ०, १) अशा येतात. त्यांनी अ ला गुणले की दुसऱ्या व तिसऱ्या ओळीची बेरीज पहिल्या जागी बसते, उरलेल्या दोन ओळी जशाच्या तशा राहतात, म्हणजे अ परत मिळतो. आता उजव्या बाजूला ग ने गुणले की म = ०, ठ = २५, प = २१ हे उत्तर मिळते.

मात्र पहिली व दुसरी ओळ निवडली असती, तर म = २१, ठ = ४, प = ० असे उत्तर आले असते, आणि तेही तितकेच बरोबर आहे. सर्व उत्तरे हवी असतील, तर एका उत्तरात (एकक − ग × अ) × झ हे पद मिळवावे, जेथे झ हा कोणताही सदिश असतो. येथे ते पद (१, −१, −१) च्या पटीत येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांतील कुट्टकातही, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीतही, एक उत्तर काढून त्यावरून बाकीची उभारण्याचीच चाल आहे. तेथे पूर्णांकांचे बंधन असते, एवढा फरक.

मग शेतकऱ्याला काय सांगायचे? एकट्या ठ ची किंमत सांगता येत नाही, कारण ती २५ ही आहे आणि ४ ही. ठ − प मात्र दोन्ही उत्तरांत ४ किलोच आहे, आणि म + ठ दोन्हीकडे २५. कोणती राशी सांगण्याजोगी आहे हे तपासण्यासाठी तिच्या सहगुणकांच्या ओळीला ग × अ ने गुणावे: ओळ जशीच्या तशी परत आली तर राशी ग च्या निवडीवर अवलंबून नाही. (०, १, −१) परत येते. (०, १, ०) चे (१, १, ०) होते. माझ्या मते ही तपासणी ग काढण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते.

संगणकाकडून मिळणारा व्यस्त बहुधा मूर व पेनरोज या गणितज्ञांच्या नावाचा असतो. मूर यांनी तो १९२० मध्ये मांडला आणि पेनरोज यांनी १९५५ मध्ये चार अटींनी बांधला: वरची अ × ग × अ = अ ही अट, ग × अ × ग = ग, आणि अ × ग व ग × अ हे दोन्ही सममित असणे. आपला ग पहिल्या दोन अटी पाळतो, उरलेल्या दोन पाळत नाही. चारही अटी पाळणारा ग एकच असतो आणि त्यातून म, ठ, प यांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान असलेले उत्तर मिळते: म = ४६/३, ठ = २९/३, प = १७/३. उत्तर एकमेव आले म्हणून ठ ला ९.६७ किलो हा अर्थ चिकटत नाही. ठ − प येथेही ४ च आहे.