स्तनातली गाठ तपासताना या चुका टाळा

हे आमच्या भागातल्या नव्या इंटर्नसाठी आणि आशाताईंसाठी आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बाई गाठ दाखवायला येते तेव्हा सोबत सासू, जाऊ नाहीतर नवरा असतोच. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे हे ठरवायची एक रीत आहे, आणि घाईत तीच मोडली जाते.

"घरात कुणाला कॅन्सर आहे का?" एवढंच विचारून 'नाही' लिहिणं. या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते. खानापूर तालुक्यातली एक तरुण बाई, हाताखाली सहज सरकणारी गाठ. केसपेपरवर लिहिलेलं होतं, 'सासूला स्तनाचा कॅन्सर, रक्ताचं नातं नाही.' मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं, लग्न नात्यात झालंय का? म्हणाली, "होय की, आतेभावाशीच दिलंय. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच." म्हणजे रक्ताचंच नातं! पुढे विचारत गेले तेव्हा कळलं की दुसरी आत्या अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती. तिच्या लग्नाच्या वेळी घरात त्यावर कुणी बोलायचं नाही असंच ठरलेलं.

सीमाभागात मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देण्याची पद्धत आहे, म्हणून 'सासरचं' आणि 'माहेरचं' असे दोन रकाने इथे पुरत नाहीत. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए १ आणि २ या जनुकांतला दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्याकडचा आजार मावशीकडच्या आजाराइतकाच मोजायचा. मी नाती नाव घेऊन विचारते: आई, बहीण, दोन्ही आज्या, मावशी, आत्या, चुलत-आते-मामे बहिणी. कितव्या वर्षी झाला आणि स्तनाचा की अंडाशयाचा, हेही. घरातल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हेसुद्धा.

त्या बाईची गाठ कोअर बायोप्सीत (जाड सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) साधी, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाली. जनुकीय चाचणी आधी आजार झालेल्या माणसाची करणं चांगलं, म्हणून समुपदेशनाला पाठवायची खरी गरज बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना होती. त्यांच्यात दोष सापडला तर तो मुलाकडेही असू शकतो आणि भाचीकडेही, म्हणून नातवंडांचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

सोनोग्राफीत साधी दिसली म्हणून तिथेच थांबणं. हाताची तपासणी, इमेजिंग (सोनोग्राफी, मॅमोग्राफी) आणि गरज असेल तिथे सुईची तपासणी, या तिन्हींचं एकमत झालं पाहिजे. हाताला घट्ट, चिकटलेली लागते आणि रिपोर्ट 'साधी' म्हणतो, तर हातावर विश्वास ठेवा आणि पुढे तपासा. सुई आधी आणि सोनोग्राफी नंतर, असं तर करूच नका. सुईमुळे रक्त साकळतं आणि चित्र बिघडतं. एक दिवस वाचवायच्या नादात हे होतं, आणि मग बाईला सगळे हेलपाटे पुन्हा पडतात.

तिशीच्या आतल्या मुलीला आधी सोनोग्राफी; चाळिशीनंतर मॅमोग्राफी, जोडीला सोनोग्राफी.

'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे कुणालाही सांगू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही.

पाळीच्या आधी स्तन जड आणि गाठाळ लागतात. तातडीचं काही नसेल तर पाळी सुरू झाल्यावर आठवडाभराने पुन्हा हात लावा. दोन्ही बाजू तपासा, काखही.

अंगावर पाजणाऱ्या आईला गळू झालं म्हणून दूध तोडायला सांगू नका. बहुतेक वेळा पाजणं चालू ठेवता येतं, आणि दूध साठून राहिलं तर त्रास वाढतो. शेक आणि लेप लावत दिवस घालवणाऱ्या आजीलाही तिथेच बसवून समजावा. घरात तिचाच शब्द चालतो.

प्रत्येक फायब्रोअ‍ॅडिनोमा कापायची गरज नसते. झपाट्याने वाढणारी, मोठी झालेली किंवा रिपोर्ट न जुळणारी काढायची.

इमेजिंगच्या रिपोर्टवर बायरॅड्स ३ ही श्रेणी, म्हणजे 'बहुधा साधी', आल्यावर 'काही नाही, जा घरी' म्हणणं. त्यात कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते, पण सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी ठरलेली. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून तारीख तिच्या सोयीने ठरवा, कार्डावर मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा, आणि येताना जुना रिपोर्ट आणि फिल्म आणायला सांगा. जुनं माप समोर नसलं तर गाठ वाढली की नाही, कुणालाच सांगता येत नाही.