बोंझूर म्हटल्याशिवाय पाव मिळत नाही

अकरावीला फ्रेंच घेतली ती मार्कांसाठी, हे आधी कबूल करते. पुढे गोडी लागली, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले आणि मास्टर्ससाठी दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिएला गेले. क्रियापदांची सगळी रूपं तोंडपाठ होती. तिसऱ्याच दिवशी बेकरीत अडकले.

सकाळची वेळ, मागे पाच-सहा जणांची रांग, मुठीत सुटी नाणी. रस्ताभर घोकलेलं वाक्य मी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "युन बागेत, सिल व्हू प्ले." म्हणजे एक बागेत (लांबट पाव) द्या, प्लीज. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोंझूर." म्हणजे नमस्कार. ऐकू गेलं नसेल म्हणून मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. बाई पुन्हा, अगदी शांतपणे, "बोंझूर, मादाम." हात जागचा हलला नाही. मागचे आजोबा हळूच म्हणाले, "बोंझूर म्हणा." म्हटलं. लगेच पाव कागदात गुंडाळून हातात आला, वर "बॉन झूर्ने" म्हणजे दिवस छान जावो.

मला राग आला होता. 'प्लीज' म्हटलं होतं की मी! उलगडा व्हायला काही आठवडे लागले. आपण किराणा दुकानात "काका, अर्धा किलो साखर द्या" म्हणतो. त्यात नमस्कार नसतो, पण 'काका' असतो. आपला सगळा अदब त्या एका शब्दात बसतो. फ्रेंचमध्ये अनोळखी माणसाला काका-मावशी नाही. ते काम बाईंसाठी 'बोंझूर मादाम', पुरुषांसाठी 'बोंझूर मस्यो' करतं. ते गाळलं की समोरच्याला ऐकू येतं ते "ए, साखर दे." त्यामुळे बसचालक, तिकीट खिडकी, सरकारी कचेरी, लिफ्ट, कुठेही आधी बोंझूर, मग काम. रस्ता विचारतानाही तेच. नुसतं 'एक्सक्यूझे म्वा' म्हणून प्रश्न टाकू नका. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आत येणारा माणूस सगळ्यांना मिळून "मस्यो-दाम, बोंझूर" म्हणतो आणि मासिकांतून डोकं न काढता सगळे पुटपुटतात. पहिल्यांदा मला वाटलं, या गृहस्थांची केवढी ओळख आहे गावात!

उच्चाराचं म्हणाल तर त्यातला 'झ' आपल्या 'झाड'मधलाही नाही आणि 'झेंडा'मधलाही नाही. 'टेलिव्हिजन'मधला 'ज' नीट म्हणा, तो हा. 'बों' नाकात सोडा, शेवटी 'न' वाजवू नका.

संध्याकाळी 'बोंस्वार'. कधीपासून, याला घड्याळ नाही. साधारण सहाच्या सुमारास लोक बदलतात, हिवाळ्यात अंधार पडला की आधीच. चुकलात तरी काही बिघडत नाही. 'बॉन न्वी' मात्र जपून. आपण फोन ठेवताना 'गुड नाइट' म्हणतो, त्या सवयीनं मी संध्याकाळी सातला ग्रंथालयातून निघताना काउंटरवर "बॉन न्वी" म्हणाले. त्या बाई हसल्या, म्हणाल्या, "मी अजून जेवलेही नाहीये." ते झोपायला जाणाऱ्यालाच म्हणायचं. निरोपाला 'बॉन स्वारे', म्हणजे संध्याकाळ छान जावो.

आता 'तू' आणि 'व्हू'. वर्गात सांगतात की मराठीतल्या तू-तुम्हीसारखंच आहे, आणि मराठी माणूस इथेच फसतो. आपल्याकडे वय बघून एकेरी की आदरार्थी हे ठरतं, आणि ते एकाच बाजूनं चालतं. शेजारच्या आजी मला तू म्हणतील, मी त्यांना तुम्ही. तिथे मोठ्या माणसांत दोन्ही बाजू बहुधा सारख्या असतात. साठीच्या प्राध्यापिका मला 'व्हू' म्हणायच्या, तेव्हा सुरुवातीला वाटायचं की काहीतरी चुकलंय आणि त्या रागावल्यात. उलट तिथली मुलं आईलाही 'तू' म्हणतात आणि बाबांनाही. माझी जीभ वळेना. वर्गमित्रांशी पहिल्या मिनिटापासून 'तू' आणि 'साल्यू', म्हणजे आपलं 'हाय'. बाकी सगळीकडे 'व्हू'नं सुरुवात करा. समोरचा "एकमेकांना तू म्हणूया का?" असं सरळ विचारतो, तेव्हा बदला. प्राध्यापकांना ईमेल लिहिताना 'रिस्पेक्टेड मॅम' डोक्यातून काढा. 'बोंझूर मादाम' एवढंच, आडनावाशिवाय, आणि शेवटी 'कोर्दियालमां', म्हणजे 'स्नेहपूर्वक'.

इंटर्नशिपला गेलात तर सकाळी आल्याआल्या प्रत्येकाला बोंझूर म्हणायचं, खोलीत डोकावून का होईना. पण एका माणसाला दिवसातून एकदाच. दुपारी कॉफी मशीनपाशी पुन्हा बोंझूर म्हटलंत, तर त्याला वाटतं, सकाळची भेट विसरलात. मग 'रबोंझूर', म्हणजे पुन्हा एकदा बोंझूर, म्हणून हसून सुटका करून घ्यायची. 'सा व्हा?' म्हणजे 'कसं चाललंय?', पण हा खरा प्रश्न नाही, त्याला तब्येतीचं उत्तर देऊ नका. 'सा व्हा, ए त्वा?' (ठीक, आणि तुझं?) म्हणा आणि पुढे चला.

राहिला 'बीझ', गालाला गाल लावून हवेत चुंबनाचा आवाज. घरून सगळ्यात जास्त प्रश्न याचेच आले. पॅरिसमध्ये दोन, मोंपेलिएला तीन. डावा गाल आधी की उजवा हेही गावागावाप्रमाणे बदलतं, त्यामुळे खुद्द फ्रेंच माणसांची नाकं आपटतात. ओठ लावायचे नसतात. दुकानात, कचेरीत याचा संबंध नाही, मित्रमंडळींत आणि घरगुती जेवणांत येतो. नको असेल तर आधीच हात पुढे करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. कोविडनंतर तर हे आणखी सोपं झालंय. मार्च 2020 मध्ये अध्यक्ष माक्रों यांनी स्पेनच्या राजा-राणीचं स्वागत हात जोडून केलं होतं, तो फोटो आईनं मला जपून ठेवायला सांगितला होता.

दोन वर्षांनी पुण्याला आले. सदाशिव पेठेतल्या नेहमीच्या दुकानात शिरले आणि सवयीनं आधी थांबून, नीट डोळ्यांत बघून म्हटलं, "नमस्कार." काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "वर्गणी दिलीये आम्ही. कालच पावती फाडली."