सहकाऱ्याचं कौतुक झालं आणि पोटात दुखलं, तर काय करावं

मीटिंगमध्ये वरिष्ठ शेजारच्याच्या कामाचं कौतुक करतात. तुम्ही हसून मान डोलावता, पण जबडा आवळलेला असतो, श्वास वरच्यावर अडकतो आणि मनात एक वाक्य उमटतं: 'यात काय एवढं? त्याला काम सोपं मिळालं होतं.' हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. मग दिवसभर त्याच्या ईमेलला उशिरा उत्तर जातं, त्याने मागितलेली फाईल 'शोधून देतो' म्हणत राहून जाते, त्याच्या रिपोर्टमधली चूक दिसूनही आपण गप्प बसतो. ही सगळी कुरघोडी त्या दोन-तीन सेकंदांतून निघालेली असते, म्हणून काम तिथूनच सुरू करायचं.

तुलनाच करायची नाही, असा निश्चय मात्र करू नका. तो टिकत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की, मोजायला बाहेरचं माप नसेल तर माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, तेही आपल्यासारख्याच माणसांशी. ऑफिसातल्या बहुतेक कामांना नेमकं माप नसतंच, आणि आपल्यासारखी माणसं तर शेजारच्या टेबलावर बसलेली असतात. तुलना होणारच. ती झाल्यावर हात काय करतात, एवढं बदलता येतं.

आधी एक कागद

ज्यांच्याशी चुरस वाटते अशा तीन ते पाच जणांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: याला मिळालं, तर माझं खरोखर कमी होतं का? उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'माहीत नाही' यांपैकी एक. 'हो' असेल तर नेमकं काय कमी होतं आणि ते कधी ठरतं, हेही लिहा. बढतीची जागा एकच असेल तर उत्तर 'हो'; पण ती जागा वर्षातून एकदा ठरते, रोजच्या ईमेलमध्ये नाही. 'माहीत नाही' असेल तर वरिष्ठांना थेट विचारा: अप्रेझलमध्ये आमची एकमेकांशी तुलना होते, की प्रत्येकाची आपापल्या टार्गेटशी? मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की, लोक सहकार्य करतात की झगडतात हे बरंचसं त्यांची उद्दिष्टं एकमेकांना कशी बांधलेली आहेत यावर ठरतं. ती बांधणी माहीत नसताना आपण सगळीकडे लढाईच धरून चालतो.

हा कागद घरी ठेवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा शेअर्ड फोल्डरमध्ये कधीही नको.

पहिले दोन आठवडे: फक्त टिपायचं

या काळात कुणालाही मदत करायला धावू नका. दुसऱ्याच्या कौतुकाने पोटात उठणारी ही कळ ओळखता येण्याआधी केलेली मदत बहुधा दिखाऊ होते, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

रोज काम सुरू करण्यापूर्वी तीन मिनिटं बसा. पहिलं मिनिट शरीराला द्या: जबडा, खांदे, पोट, तळहात. दुसरं श्वासाला: तो नाकपुडीशी जाणवतो की पोटाशी, ते एक ठिकाण धरा. तिसऱ्यात आजूबाजूचे आवाज येऊ द्या. डोळे उघडेच ठेवा, नजर टेबलाच्या कडेवर, म्हणजे कुणी 'झोप लागली का?' विचारणार नाही. श्वास मुद्दाम खोल आणि भराभर घेऊ नका, त्याने गरगरतं. श्वासाकडे लक्ष दिल्यावर घाबरायला होत असेल, तर लक्ष तळपायांवर न्या. तेवढंच काम होतं. मन भटकणारच. ते भटकलं हे लक्षात येऊन परत आणणं, हाच सराव. ते निर्विचार झालं नाही म्हणून बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात, आणि कारणच चुकीचं असतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेसचा) कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे. एका सोमवारी फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दिवसातून जेव्हा जेव्हा कळ येईल, तेव्हा तिला मनातल्या मनात नाव द्या. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात, चेहऱ्यावरची भावना शब्दात ओळखताना अमिग्डाला या भावनांशी संबंधित भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. तो प्रयोग दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरचा होता, त्यामुळे फार ताणू नये. पण नाव दिल्याने जो क्षणभराचा अवकाश मिळतो, तो कुणालाही करून पाहता येतो.

नाव मात्र नेमकं हवं. 'टेन्शन' म्हणून भागत नाही, कारण प्रत्येक कळेवरचा इलाज वेगळा आहे.

हेवा म्हणजे 'त्याला मिळालं ते मलाही हवं'. हा सगळ्यांत उपयोगी, कारण आपल्याला काय हवंय ते तो सांगतो. इलाज: त्यालाच विचारा, 'तू हे आकडे असे मांडलेस कसे? दहा मिनिटं दाखवशील?'

मत्सर म्हणजे 'मला नाही मिळालं तरी चालेल, पण त्याला मिळू नये'. या अवस्थेत त्या माणसाबद्दल काहीही लिहू-बोलू नका, निदान वीस मिनिटं. ईमेल लिहून झालाच असेल तर ड्राफ्टमध्ये ठेवा आणि 'टू'मधलं नाव काढून टाका. चुकून पाठवला जाणं फार सोपं असतं.

भीती म्हणजे 'तो पुढे गेला, आता माझी जागा जाईल'. ही सहकाऱ्याकडे बघून कमी होत नाही. वरिष्ठांशी पंधरा मिनिटं बोलून कमी होते, कारण तिचं मूळ अनिश्चिततेत आहे.

चौथी अन्यायाची चीड: काम मी केलं, नाव त्याचं लागलं. ही मनाची खोड समजून श्वासाने शांत करू नका. तारीख, फाईल, कुणी काय केलं हे टिपा आणि योग्य ठिकाणी बोला. सजगतेच्या नावाखाली खरी तक्रार गिळायला लावणारे सल्ले सरसकट दिले जातात. ते ऐकू नयेत.

दोन आठवड्यांत वीसेक नोंदी झाल्या की आपली कळ मुख्यतः कोणती ते दिसतं. पुष्कळांना मत्सर अपेक्षित असतो आणि निघते भीती.

तिसऱ्या आठवड्यापासून मदत

मदत तीन प्रकारची: माहिती, हात आणि श्रेय. माहितीची सर्वांत स्वस्त. ज्या चुकीवर तुमचे दोन तास गेले, ती दुसऱ्याला दोन ओळींत सांगणं. हाताची म्हणजे त्याच्या कामात थोडा वेळ बसणं. श्रेयाची म्हणजे तो खोलीत नसताना त्याचं नाव घेणं: 'हा तक्ता त्याने केलाय, मी फक्त मांडतोय.' तिला एक वाक्य लागतं आणि तरी तीच सगळ्यांत जड जाते.

प्रमाण ठरवून घ्या. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पंधरा ते तीस मिनिटं, कॅलेंडरमध्ये आधी धरून. त्यातली एक मदत पंधरवड्यातून एकदा कागदावरच्या माणसाला. सुरुवातच त्याच्यापासून करू नका. पतंजलीच्या योगसूत्रांत आणि बौद्ध परंपरेतही मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद, हा सरावाचा विषय मानला आहे. आणि बौद्ध परंपरेत तो आधी आवडत्या माणसापासून, मग तटस्थापासून आणि मग कठीण माणसापर्यंत नेतात. ऑफिसातही हाच क्रम चालतो.

नुसता 'करीन' हा निश्चय विरतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' पद्धत वापरा, म्हणजे प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवा: 'मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं आणि जबडा आवळला, तर एक श्वास पूर्ण सोडीन आणि त्याच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचारीन.' खरा, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत नसलेला. अडवायला विचारलेला प्रश्न सगळ्यांना ओळखू येतो.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. 'काही मदत हवी का?' याला उत्तर बहुधा 'नको' येतं, कारण काय हवं ते शोधण्याचं काम आणि कमीपणा दोन्ही समोरच्यावर पडतात. त्याऐवजी काम, वेळ आणि शेवट ठरवून द्या: 'तुझ्या प्रेझेंटेशनमधले आकडे मूळ शीटशी ताडून देऊ का? चार वाजेपर्यंत अर्धा तास मोकळा आहे.' नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. चूक दिसली तर एकट्याला सांगा आणि वरिष्ठांना सीसीत ठेवू नका. सीसीतली मदत ही मदत नसून तक्रार असते. फाईल त्याचीच राहू द्या: शेरे लिहा, पण त्याचं वाक्य स्वतः बदलू नका.

उलटंही करा, म्हणजे त्याच्याकडून मदत मागा. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्याशी फटकून वागणाऱ्या एका विधिमंडळ सदस्याकडून एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागून घेतलं, आठवड्याभरात आभाराची चिठ्ठी लावून परत केलं, आणि तो पुढे मित्र झाला. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी यांच्या प्रयोगातही ज्यांनी प्रयोगकर्त्यावर स्वतः उपकार केला, त्यांना तो अधिक आवडला. मागणं लहान आणि त्याच्या हातखंड्यातलं असावं. जे तुम्हाला येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते मागितलंत तर नाटक वाटेल.

इथे हमखास बिघडतं ते हिशेबामुळे. 'मी दोनदा केलं, त्याने एकदाही नाही' असा विचार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतोच. तो आला की त्यालाही नाव द्या आणि स्वतःला विचारा: परतफेड झाली नाही तरी हा अर्धा तास मी दिला असता का? उत्तर 'नाही' असेल तर पुढच्या वेळी पंधराच मिनिटं द्या. हातचं राखून कुढत केलेल्या मोठ्या मदतीपेक्षा लहान आणि मोकळी मदत बरी. आणि एखादा माणूस सरळ सरळ आपलं काम तुमच्या गळ्यात मारत असेल, तर स्पष्ट सांगा: 'हे आज जमणार नाही. कसं करायचं ते दहा मिनिटं दाखवू शकतो.'

दोघांची एकच अडचण शोधा

एकत्र जेवण आणि सहली यांवर फार भिस्त ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिरात दोन गटांत चुरस लावली. नंतर गट नुसते एकत्र जेवायला आणले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाणीपुरवठा बंद पडणं, अडलेला ट्रक ओढणं अशा दोघांनाही एकट्याने न सुटणाऱ्या अडचणी एकापाठोपाठ आल्या, तेव्हा वैर हळूहळू ओसरलं. एका अडचणीने नाही, हे लक्षात ठेवा.

तुमच्या आणि त्याच्या कामात असं काहीतरी असतंच: दुसऱ्या विभागाकडून दर वेळी उशिरा येणारा डेटा, दोघांनाही भरावा लागणारा किचकट फॉर्म, तेच तेच विचारणारे ग्राहक. दोन ते तीन आठवड्यांत संपेल एवढाच तुकडा घ्या. वाटणी अशी करा की एकाचा भाग दुसऱ्याशिवाय अपुरा राहील. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये शाळेच्या वर्गात हीच युक्ती वापरली होती: धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, पूर्ण धडा सगळ्यांचा मिळून. आणि सुरुवातीलाच एक ओळ लिहून दोघांनी मान्य करा: शेवटी मांडणार कोण आणि नावं कोणत्या क्रमाने. श्रेयाचं बोलणं काम संपल्यावर काढलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

ऑफिसची पद्धतच लोकांना क्रमाने उभं करून तळाच्या काहींना ठरवून कमी ठरवणारी असेल, तर या सगळ्याला मर्यादा पडतात. मायक्रोसॉफ्टने अशी पद्धत २०१३ मध्ये बंद केली. अनेक ठिकाणी ती वेगळ्या नावाने चालू आहे. तिथे माहितीची आणि श्रेयाची मदत करत राहा, हाताची मोजकी ठेवा, आणि स्वतःच्या कामाची नोंद दर शुक्रवारी पाच ओळींत लिहा. तुम्ही स्वतः टीम लीड असाल तर महिन्याच्या आढाव्यात प्रत्येकाला 'तुझं काम कुणामुळे सोपं झालं?' हा प्रश्न विचारा आणि आलेलं नाव अप्रेझलमध्ये लिहा. नुसतं टाळ्या वाजवून सोडलंत तर दुसऱ्या महिन्यात उत्तरं येणं बंद होईल.

आठ आठवड्यांनी तो घरचा कागद काढा आणि उत्तरं पुन्हा लिहा, जुनी न वाचता. मग दोन्ही ताडून पाहा. 'हो'चं 'नाही' झालेली नावं खोडा. एखादं नाव दोन्ही वेळा 'हो'च राहिलं असेल, तर त्या जागेचा निर्णय कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या हातात आहे ते शोधा, आणि त्या निर्णयाच्या महिनाभर आधीची वरिष्ठांची वेळ मागून ठेवा.