ट्रॅक्टरसाठी साधं, वापरायला सोपं जीपीएस कसं निवडावं

ट्रॅक्टरचं जीपीएस म्हणजे उपग्रहांवरून जागा ओळखून पुढची फेरी कुठल्या रेघेवर धरायची हे ड्रायव्हरला दाखवणारं यंत्र. ते घ्यायचं मनात आलं की आधी दुकानात जाऊ नका, टेप घेऊन रानात जा. तुकड्याची रुंदी मोजा आणि पुढच्या वेळी रोटा मारताना फेऱ्या मोजा. सहा फुटी रोटाव्हेटर म्हणजे साधारण १.८ मीटर. ४० मीटर रुंदीचं रान त्याने २३ फेऱ्यांत उरकायला हवं. ड्रायव्हर दर फेरीला एक फूट आधीच्या फेरीवर चढवत असेल, तर त्याच रानाला २७ फेऱ्या लागतात. या चार जादा फेऱ्यांचं डिझेल आणि वेळ वर्षभराच्या एकरांनी गुणलात, की यंत्र परवडेल का हे विक्रेत्याला विचारायची गरज उरत नाही.

पुणे जिल्ह्यात बऱ्याच जणांची वीस-वीस गुंठ्यांची तुकडेवारी आहे. तिथे निम्मा वेळ वळण्यातच जातो, जीपीएसने फारसं साधत नाही. शिरूर, दौंड, इंदापूरकडे चार-पाच एकरांचं सलग रान असेल, भाड्याने रोटा किंवा बूमची (नोझल लावलेल्या आडव्या दांडीची) फवारणी करत असाल, उन्हाळ्यात रात्रीचं काम चालत असेल, तर मात्र जरूर विचार करा. फवारणीत तर सगळ्यात जास्त फायदा. जमिनीवर खूण राहत नाही, त्यामुळे एक पट्टा दोनदा भिजतो आणि शेजारचा कोरडा राहतो.

काम कोणतं, ते आधी ठरवा

अचूकतेचे आकडे दोन तऱ्हेचे असतात आणि विक्रेते बहुतेक वेळा त्यांतला एकच सांगतात. एक आकडा फेरी ते फेरीचा: लगेचच्या दोन फेऱ्यांतलं अंतर किती बरोबर राहतं. दुसरा कायमच्या जागेचा: आज आखलेली रेघ पुढच्या महिन्यात त्याच जागी सापडते का.

रोटा, पाळी, शेणखत पसरणं, फवारणी यांना पहिला पुरतो. त्यासाठी ‘गगन’ ही आपली उपग्रह-सुधारणा, म्हणजे जीपीएसने सांगितलेल्या जागेतली चूक उपग्रहावरून दुरुस्त करणारी सेवा, घेणारं यंत्र चालतं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती मुळात विमानांसाठी उभारली. तिला वर्गणी नाही. अशा यंत्रात फेरी ते फेरी वीत-दीड वीत फरक धरून चाला. बाहेरून आलेल्या यंत्रात कधीकधी दुसऱ्या देशाची सुधारणा निवडलेली असते. ‘गगन चालू आहे का, दाखवा’ असं सरळ म्हणा आणि ते स्क्रीनवर बघा.

उसाच्या सऱ्या पाडायच्या असतील आणि नंतर त्याच रेघेवरून आंतरमशागत करायची असेल, तर दुसरी अचूकता हवी. ती आरटीकेने, म्हणजे जागा पक्की माहीत असलेल्या केंद्राकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेण्याच्या पद्धतीने मिळते, दोन-तीन सेंटिमीटरची. त्याला जवळ असं केंद्र (बेस स्टेशन) लागतं, किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून सुधारणा घ्यावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालणाऱ्या केंद्रांचं जाळं अशी सुधारणा पुरवतं. पण तुमच्या रानात मोबाइलची रेंज तुटत असेल, तर हे सगळं वेळेवर दगा देतं. रेंज रानाच्या चारही कोपऱ्यांत तपासा, फक्त घराजवळ नको.

साधं म्हणजे किती साधं?

फोनवरचं ॲप शिकायला बरं, पण त्यावर थांबू नका. फोन साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. ताशी सहा किलोमीटरने चालणारा ट्रॅक्टर तेवढ्यात पावणेदोन मीटर पुढे गेलेला असतो. सेकंदाला दहा वेळा सांगणारा रिसीव्हर घेतला, तर हे अंतर १७ सेंटिमीटरवर येतं. दुसऱ्या टोकाला स्वतः स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरचं यंत्र आहे. चांगलंच असतं, पण पहिल्याच वर्षी ते घेऊ नका. मधला लाइटबार (रेघ सुटली की दिव्यांनी सांगणारी पट्टी) किंवा छोटा स्क्रीन घ्या. डावीकडचा दिवा लागला की डावीकडे सरकायचं की उजवीकडे, हे मात्र कंपनीगणिक बदलतं, ते आधी विचारून घ्या.

आम्ही पहिल्यांदा घेतलेल्या यंत्रात रेघ आखायलाच पाच पडदे ओलांडावे लागत, आणि सगळे इंग्रजीत. ड्रायव्हरने तिसऱ्या दिवशी ते बंद केलं. पैसे माझे गेले, पण चूक त्याची नव्हती. घेण्याआधी त्याला विचारायलाच हवं होतं. म्हणून आता माझी कसोटी एकच: ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला एकदा दाखवा, मग तुम्ही बांधावर जाऊन उभे राहा. त्याने कुणाला न विचारता रुंदी भरली, एका टोकाला ‘ए’ आणि दुसऱ्या टोकाला ‘बी’ खूण केली आणि दुसरी फेरी धरली, तर यंत्र घ्या. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता आला पाहिजे आणि मातीच्या बोटाने बटण दाबता आलं पाहिजे.

आपल्या रानात चाचणी

चाचणीशिवाय पैसे देऊ नका. एक फेरी सरळ मारा आणि चाकाच्या खुणेवर चुन्याची फक्की टाका. मग शेजारच्या सहा फेऱ्या जाऊन-येऊन मारा आणि दर दोन फेऱ्यांमधलं अंतर टेपने मोजा. एक अंतर मोठं, एक लहान, पुन्हा मोठं असं येत असेल, तर अँटेना ट्रॅक्टरच्या मध्यावर नाही किंवा अवजार एका बाजूला सरकलेलं आहे. हा दोष बसवण्यातला, यंत्राचा नव्हे. अँटेना सरकवा, पुन्हा मोजा.

त्यानंतर जेवायला जा. तासाभराने परत येऊन त्याच फक्कीवर ट्रॅक्टर आणा. यंत्र आता दुसरीकडेच रेघ दाखवेल, गगनवर चालणाऱ्या यंत्रात हे होतंच. अशा वेळी एका बटणाने रेघ सरकवून पुन्हा जागेवर आणता येते का, हे बघा. ही सोय नसेल तर ते यंत्र मी घेणार नाही.

भोर, पुरंदर किंवा खेडच्या उताराच्या रानात आणखी एक गोष्ट तपासा. अँटेना जमिनीपासून अडीच मीटर उंच असेल आणि ट्रॅक्टर पाच अंश कलला, तर अँटेना जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून २२ सेंटिमीटर बाजूला जाते. कल ओळखून दुरुस्ती करणारा सेन्सर असलेलं यंत्रच तिथे कामाचं. बांधावर मोठी चिंच किंवा दाट बांबू असेल, तर त्याखालून एक फेरी मारून सिग्नल तुटतो का तेही बघा.

पैसे देताना

दरवर्षीची वर्गणी, अपडेटचे पैसे आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत येणार, हे बिलावर लिहून घ्या. अनुदान मिळेल असं कुणी म्हणालं, तर अर्ज करण्याआधी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. वायर थेट बॅटरीवरून, मधे फ्यूज टाकून घ्या. सेल्फ मारताना यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं का, ते विक्रेत्यासमोर तीन-चारदा करून बघा.

यंत्र घरी आलं की प्रत्येक रानाची रेघ घरातल्या नावानेच जपून ठेवा: विहिरीकडचं, माळाचं, ओढ्याकाठचं. गट क्रमांक टाकलात तर ड्रायव्हरला रोज तुम्हाला फोन करावा लागेल.